निवांत दिवसाचं वेळापत्रक

तीर्थरूप मामांच्या पायांवर इथूनच डोकं ठेवतो (डोकं जागेवर आहे, मामीला सांगा). तुमची कंबर कशी आहे? दुकानात वाकून बसताना पाठीशी उशी घेता की नाही? मामीचा खोकला आणि भिंतीवरचं ते मोठं घड्याळ, जे दर तासाला एक ठोका कमी देतं, दोघंही बरी असतील असं धरून चालतो. मी खुशाल आहे. नुसता खुशाल नाही, कायम आहे. म्हणजे नोकरीत कायम. हे वाक्य मामीला दोनदा वाचून दाखवा.

चार महिन्यांपूर्वी तुमच्या दुकानातून निघालो तो (मधे कुठे कुठे होतो ते सावकाश सांगेन, एका ठिकाणी बदकं होती) या द्राक्षमळ्यांच्या भागात एका पाहुणघराची गाडी चालवायला लागलो. मालकीणबाई कडक आहेत. उशीचे अभ्रेसुद्धा स्वतः इस्त्री करतात, दुसऱ्याच्या हातच्या घडीवर त्यांचा विश्वास नाही. गेल्या आठवड्यात त्या म्हणाल्या की एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि त्यांच्या दोन धाकट्या बहिणी येताहेत, त्यांना तीन वायनऱ्या आणि एक बरं जेवण असा निवांत दिवस हवाय, तो तू आख. जमलं तर नोकरी कायम आणि जिन्यावरची खोली तुझी. नाही जमलं तर रविवारी बॅग भर. मामा, मला आजवर कोणी काही आखायला दिलं नव्हतं. पत्ते वाटायलासुद्धा देत नसत.

मी तीन रात्री बसून (खरं म्हणजे उभं राहून, तुम्हाला माझी सवय ठाऊक आहे) वेळापत्रक केलं. दहाला निघणे, साडेदहाला पहिली वायनरी, बाराला दुसऱ्या वायनरीत जेवण, अडीचला तिसरी, पाचला परत. मधे 'अकरा वाजून दहा ते अकरा वाजून वीस : निवांत बसणे' असंही घातलं. मालकीणबाईंनी तो कागद दोन वेळा वाचला आणि त्यांना कसलासा ठसका लागला.

दिवस उजाडला. मुख्याध्यापिकाबाईंनी गाडीत बसताच सगळ्यांचे फोन एका पिशवीत जमा केले, माझाही. तेहतीस वर्षं घंटेवर जगले, म्हणाल्या, आज घंटा नको. मग वेळ पाहायला उरलं ते फक्त माझ्या हातातलं घड्याळ. (गाडीतलं घड्याळ माझ्या आधीपासून बंद आहे.)

पहिल्या वायनरीत तळघर होतं, गार, आणि लाकडी पिंपं माणसाहून उंच. पिंपं बांधणाऱ्या आजोबांनी आम्हाला बाकावर बसवलं आणि गोष्टी सांगायला लागले. पिंपात आत शिरून फळी घासताना ते एकदा झोपले आणि वरून झाकण बसलं, तिथपासून सुरुवात. बहिणी एकेक घोट घेत होत्या, मला गाडी चालवायची म्हणून द्राक्षाचा साधा रस. मामा, त्या गोष्टी अशा होत्या की मी हाताची घडी घातली ती घातली. पाय हलवला नाही. मधली बहीण भूक लागली म्हणाली तेव्हा घड्याळ पाहिलं, पावणेअकरा. अजून पाऊण तास हातात असूनही आम्ही निघालो. मला स्वतःचा अभिमान वाटला.

दुसऱ्या वायनरीत शिरलो तर स्वयंपाकीणबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. आपण फार लवकर आलो म्हणून मी आधीच माफी मागितली. त्यांनी हातातला डाव काही खाली ठेवला नाही. लवकर आल्याबद्दल माणसाने इतकं चिडू नये असं मला वाटलं. मी पुन्हा माफी मागितली, तेव्हा मुख्याध्यापिकाबाई मधे पडल्या. मग गार झालेलं सूप पुन्हा गरम झालं, पाव, चीज, भाजलेले बटाटे आले. मुख्याध्यापिकाबाईंनी मला आपल्या शेजारी बसवलं आणि विचारलं की तू शाळा का सोडलीस. आजवर हा प्रश्न मला ओरडूनच विचारला गेला होता. म्हणून जरा विचार करून उत्तर दिलं. ते उत्तर लांबलं.

तिसऱ्या ठिकाणी पोचलो तेव्हा फाटक बंद होत होतं आणि ऊन पार उतरलं होतं. घड्याळात साडेबारा. या भागात डोंगरामुळे सूर्य लवकर मावळतो, असं मी बहिणींना समजावून सांगितलं. धाकटी बहीण इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. मग आम्ही सगळेच तिथे बसलो. रखवालदाराने आपल्या डब्यातले अक्रोड दिले.

परत आलो तेव्हा मालकीणबाई ओसरीत होत्या. साडेसात वाजलेत, म्हणाल्या, जेवणासाठी दुसऱ्या वायनरीतून तीन फोन आले, तुझा एकही नाही. मी हात पुढे केला. घड्याळात एक वाजत आला होता. बॅग कुठे ठेवली होती ते मी आठवू लागलो. पण मुख्याध्यापिकाबाईंनी अभिप्रायाची वही मागून घेतली आणि लिहिलं : 'आम्हाला कुठेच घाई न करणारा हा पहिला माणूस. पुढच्या महिन्यात आमच्या शाळेच्या अकरा शिक्षिका येतील, त्यांना असाच दिवस हवा.' मालकीणबाईंनी वही मिटली आणि खोलीची किल्ली दिली. घडी घातलेल्या अभ्र्यासकट.

तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात की हा पोरगा एका जागी पाऊण तास बसला तर मी दुकानातली सगळी घड्याळं थांबवीन. मी एकाच दिवसात साडेसहा तास बसलो. तुमच्या शब्दाचं काय ते तुम्ही बघा.

तुमचा भाचा

ता. क. : निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला समोरच्या डॉक्टरांचं घड्याळ दिलं होतं, दोन दिवस हातात घालून बघ, कशाने थांबतं ते सांग म्हणून. तपासणी पूर्ण झाली. हात हलता असेपर्यंत ते चोख चालतं, माणूस स्वस्थ बसला की थांबतं. चार महिने माझ्या हातात एकदाही थांबलं नाही (झोपेतही माझे हात चालू असतात, मामीला विचारा), म्हणून कळायला वेळ लागला.

ता. क. दुसरा : डॉक्टर रोज दुकानात येऊन विचारत असतील. त्यांना कृपा करून आणखी एक महिना थोपवा. अकरा शिक्षिका यायच्या आहेत आणि चालतं घड्याळ घालून तसा दिवस मला आखता येणार नाही.