आजोबा 'आर', आजी 'इज'

इंदिरा नगर, लखनौ
८ सप्टेंबर २०२५

प्रिय सुहासिनी,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसलो. माझ्या पंचाहत्तरीच्या दुसऱ्याच दिवशी बॅग भरून ईश्वरकडे नागपूरला गेलीस. भावाकडे जायला माझी ना नाही, पण कशाचा राग ते तरी सांगून जायचं. शेजारी विचारतात, सुबोध विचारतो, आई अशी का गेली. मी काय सांगू?

आता इथलं ऐक. डोकं नुसतं तापलंय. आपल्या क्षितिजानं इंग्रजीच्या तासाला निबंध लिहिला. 'माय ग्रँडफादर आर अ रेल्वेमन. माय ग्रँडमदर इज अ गुड कुक.' दीप्ती मॅमनी माझ्या 'आर'वर लाल काट मारून 'इज' केलं, वर ते वर्गात वाचून दाखवलं. पोरं हसली. नात रडत घरी आली. म्हणते, दादाजी, हमने तो इज़्ज़त दी थी.

मी काही शाळा-कॉलेजात इंग्रजी शिकलो नाही. चारबाग स्टेशनच्या पाट्या आणि रद्दीतली वर्तमानपत्रं वाचून शिकलो. पण मान कशाला म्हणतात ते मला कळतं. तडक शाळेत गेलो. म्हणालो, आजोबा 'आहे' नसतात, 'आहेत' असतात. तुमच्या लखनौतही मोठा माणूस 'हैं' असतो. त्या हसून म्हणाल्या, "अंकल, दादाजी हैं तो एक ही ना." म्हणजे कॅट इज आणि राजाराम इज! जन्मभर वर्कशॉपात घाम गाळला तो मांजराच्या पंगतीला बसायला?

माहेर पुरे झालं. ये आता. चहासुद्धा धड जमत नाही मला.

राग माझाही आहे, पण लोभ त्याहून जुना. तो सांभाळ.
तुझा
राजाराम


नागपूर
१७ सप्टेंबर २०२५

श्री. राजाराम यांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र पोचलं. क्षितिजा रडली हे वाचून जीव कळवळला. तिला म्हणावं, नागपूरहून आजी बेसनाचे लाडू पाठवते आहे.

पण तुमचं डोकं भलत्याच ठिकाणी तापलंय. निबंध नीट वाचलात का? तुम्ही 'आर' आणि मी 'इज'. पोरीनं हे उचललं कुठून? हिंदीतून म्हणाल, तर तिथला दूधवाला भैयासुद्धा 'अम्माजी आई हैं' म्हणतो. हे आपल्या घरातलं मराठी आहे. आजोबा आले, आजोबा बसले. आजी आली, आजी उठली. मॅमनी लाल पेनानं आपल्याला एका पाटावर बसवलं, ते तुम्हाला झोंबलं. मला तर गार वाटलं.

कशाचा राग, विचारता. पंचाहत्तरीला मंडळाच्या आदेशनं माईक माझ्यापुढे धरला होता. कितीतरी दिवस पोळ्या लाटताना मी ते बोलणं मनात जुळवत होते. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "ती काय बोलणार," आणि माईक ओढून घेतलात. लोक हसले. नातीला हसले तेव्हा तुम्ही शाळेत भांडायला गेलात. मला हसले तेव्हा कोणाशी भांडलात?

ती काय बोलणार हे ऐकायची इच्छा झाली की कळवा. तोवर मी इथंच बरी.

लोभात काही कमी नाही, रागातही नाही.
सुहासिनी


इंदिरा नगर, लखनौ
२६ सप्टेंबर २०२५

प्रिय सुहासिनी,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी चिडलोच. माझी बाजू घेईल म्हणून सुबोधला वाचून दाखवलं. तो म्हणाला, आई बरोबर बोलते. त्यातलं 'बोलते' माझ्या कानाला लागलं. तेव्हापासून खोडच लागलीय. भाजी आली, लाईट आली, आई आली. सगळं एकाच माळेत. राग काढायला माणूस शोधतो आणि आरशात सापडतो.

परवा क्षितिजाला विचारलं, मला 'आर' हवाच असेल तर काय करायचं? ती म्हणाली, "दादी को भी साथ में लिखिए ना, तब लगेगा आर." एकट्याला मिळत नाही म्हणे.

मग आदेशला फोन केला. म्हणालो, चौदा ऑक्टोबरला, धम्मचक्र दिनाला, यंदा त्या बोलतील. कोण त्या, त्यानं विचारलं. सुहासिनीबाई, म्हणालो. तर विचारतो, और अंकल आप? म्हटलं, मी खुर्च्या मांडीन.

तुम्ही यावं. हे लिहिताना हात अडखळला, पण खोडत नाही.

लोभ असेल तर निघा, राग असेल तर तोही घेऊन निघा.
राजाराम


नागपूर
४ ऑक्टोबर २०२५

श्री. राजाराम यांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

ते 'तुम्ही' खोडा. या वयात मला तुम्ही म्हणालात तर घरात कोणी परकी बाई शिरलीय असं वाटेल. घरात तूच बरं.

बारा तारखेला, रविवारी सकाळी पोचते. राग अजून गेलेला नाही, तिथं येऊन पुरा करीन. भाषण तयार आहे, त्यात तुम्हीही आहात; जपून खुर्च्या मांडा.

चारबागला क्षितिजाला घेऊन या. सामान उचलायला कुलीला हाक माराल तेव्हा 'उतरी है' नाही, 'उतरी हैं' म्हणायचं. तो अनुस्वार मी डब्याच्या दारात उभी राहून ऐकणार आहे.

बाकी लोभाचं स्टेशनवर बघू.
सुहासिनी