दार खरवडणारा मास्तर

प्रिय फेलिसी,

लग्नासाठी बोचकं बांधत असशील तर ते सोड आणि आधी खाली बस. आपल्या ओनोरीनचा होणारा नवरा, तो सज्जन व्हायोलिन-मास्तर, मास्तर नाहीच गं!

परवा दुपारी कोठीत मुरायला ठेवलेलं चीज पुसत होते, तर दारावर खर्र खर्र. मांजर समजून 'हाड' म्हणत दार उघडलं, तर समोर मास्तर, डाव्या हाताची करंगळी अजून तशीच उगारलेली! राजवाड्यात कपड्यांच्या कामाला होतीस तेव्हा तूच नव्हतं का सांगितलंस, तिथे दार ठोठावणं गावंढळ समजतात, उमराव करंगळीच्या नखानं खरवडतात म्हणून? आमच्याकडे बिजागऱ्या हलेपर्यंत बुक्के मारतात. मी म्हटलं, "मास्तर, ही सवय कुठली?" चेहरा पांढराफटक! मग निर्लज्ज हसला आणि पिठाच्या पेटीवर बसून सगळं सांगितलं, जणू शिकारीच्या गप्पा. म्हणे मार्की द व्हालब्रेझ, मोठा उमराव. बायको जिवंत. मेहुणीला पळवलं, मग मठातली जोगीण, म्हणून राजाचं अटकेचं फर्मान. आणि आपल्या चर्चमध्ये याच्या लग्नाची घोषणा तीनपैकी दोनदा झालीसुद्धा! "ओनोरीनवर मात्र माझं खरं प्रेम आहे," म्हणे. मेल्याचं प्रत्येकीवर खरंच असणार.

पोरीला सांगायला गेले, तर ती शांतपणे म्हणाली, "ठाऊक आहे, आई. हिवाळ्यापासून." मी ओरडले, "अगं, बायको आहे त्याला!" "असू दे. मनानं तो माझा आहे." कधी नाही तो माझा हात उठला. मग दोघीही रडलो.

काल खालच्या गावात घोडेस्वार शिपाई चौकशी करत आले. ओनोरीननं माझे पाय धरले, "त्याला धरून दिलंस तर नदीत उडी टाकीन." काय करू गं? त्याला तळघरात लपवायचं म्हणून तिथली किल्ली घेऊन मी तो राहायचा त्या माळ्यावर गेले. माळा रिकामा, खिडकी उघडी. आपलं खेचर नेलं, माझ्या नवऱ्याचा लोकरी झगाही नेला. पोरीसाठी एक शब्द ठेवला नाही.

खाली येऊन मी एवढंच म्हटलं, "गेला." तिला वाटलं, मीच हाकलला. तेव्हापासून ती माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही. उद्या मीठवाल्याच्या गाडीतून तिला तुझ्याकडे लिओंला पाठवतेय. माझ्याबद्दल वाटेल ते बोलेल, बोलू दे. तळघराच्या किल्लीचं मात्र तिला कधी सांगू नकोस. तो स्वतःहून गेला हे तिला सोसणार नाही. माझ्यावरचा राग तरी सोसेल.

तुझीच,
ब्लांदीन