निळी भुकटी

मंगळवार, ४ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते, असं आईला सांगा. तिचा स्वेटर अंगातच आहे. तुमची पाठ कशी आहे? दुकानात जड फळ्या एकट्याने उचलू नका.

कॉलेजची गॅलरी आम्ही विद्यार्थीच चालवतो आणि यंदा मी सेक्रेटरी आहे, हे तुम्ही गावभर केलंत म्हणे! तिथल्या मागच्या भिंतीवर सत्तर वर्षांपूर्वीचं भित्तिचित्र आहे, निळ्या लुगड्यांत सूत कातणाऱ्या बायकांचं. प्रदर्शनाच्या वेळी त्याच्यापुढे प्लायवूडची चौकट उभी करून चित्रं तिच्यावर टांगतात. मध्ये चार बोटं जागा सोडायचीच, हा इथला नियम.

काल प्रदर्शन संपल्यावर चौकट हलवली. बाबा, चित्राला नऊ भोकं! एक तर थेट एका बाईच्या डोळ्यात.

इथले सुतारमामा तीस वर्षं ही चौकट उभी करतात. त्यांनी एकेका भोकाला करंगळी लावून पाहिली. म्हणाले, "माझ्याच हातून झालं असणार. हल्ली ध्यानात राहत नाही बघ."

प्रिन्सिपॉलांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मामांनी हुज्जतही घातली नाही. त्यांना खरंच वाटतंय हो, की त्यांनीच केलं! दिवसभर पायरीवर बसून स्वतःचे हात बघत होते. मी त्यांना चहा नेऊन दिला. चहा!

मामांनी चार बोटं बरोबर सोडली होती. उद्घाटनाच्या दुपारी पुढे जागा कमी पडली, म्हणून चौकट पार भिंतीला टेकेपर्यंत मागे ढकलली ती मी. मोठ्या चित्रांसाठी लांब स्क्रू मारले तेही मीच. तुम्हीच शिकवलंत ना, वजन असेल तर स्क्रू एक माप लांब घ्यावा.

अजून एक सांगायचं राहिलंय. एक स्क्रू वाकडा गेला म्हणून काढला, तर टोकाला निळी भुकटी होती. मी ती जीन्सला पुसली आणि स्क्रू परत पिळला.

हे सांगायला आज अकरा वाजता मी प्रिन्सिपॉलांना, मामांना, सगळ्यांना गॅलरीत बोलावलंय. पत्र आधी पेटीत टाकते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. कॉलेजातून काढून टाकलं तर स्टेशनवर घ्यायला याल? खूप रागवा, पण या.

सुतारमामांची अपराधी
आणि तुमची,
छोटी