जीपमधली चार माणसं

एटापल्ली, २२ ऑक्टोबर २००४

बाबू सुखदेव,

तू नक्षल्यांच्या दलमसोबत जंगलात गेला, त्याले तीन वर्षं झाली. पोलिसात असलेला तुझा भाऊ प्रफुल उन्हाळ्यात जंगलातल्याच गोळीबारात गेला. त्याचं नाव गडचिरोलीच्या स्मारकावर लिहिलं, ते पाहाले जायचं होतं. म्हणून नईमभाऊची जीप सांगितली.

"किती जन, बाई?" त्यानं इचारलं.

"चार," मी म्हनली. जानार तं तिघंच होतो. तुझे बाबा, मी आन् प्रफुलची बायको पायल. चार काऊन म्हनली, मलेच समजलं नाई.

काल तिथी एका साहेबानं इचारलं, "आणखी मुलं आहेत?"

बाबा म्हनले, "नाई."

मंग प्रफुलच्या नावावर हात ठेवला, डोळे मिटले, आन् तोंडातून निंगालं, "देवा, सुखदेवले जिवंत ठेव."

पायल बाजूलेच उभी होती. घरी जीपमधून उतरताना हळूच म्हनली, "आई, हे गेले त्या दिवशी भाऊजी तिथी होते का?"

मले माहीत नाई, बाबू. माहीत असतं तं तिले सांगितलं असतं का, हेबी माहीत नाई. हे पत्र मी कोनापाशीच देनार नाई.

तुझी आन् प्रफुलची माय,
गोकुळा