ताईच्या डोळ्यातलं पाणी

२ जून

मला बोलावलंय. मला — ताईला नाही!

चित्रपट संग्रहालयाच्या साहेबांचा फोन आला, तो ताईने झडप घालून उचलला. नायिकेशिवाय दुसऱ्या कुणाला कशाला फोन करतील, असं तिला वाटलं. थोडा वेळ गोड गोड बोलली, मग चेहरा पडला आणि फोन माझ्यापुढे धरला. म्हणाली, कात्री पाहिजे त्यांना.

कात्री म्हणजे मी. भावजींनी ठेवलेलं नाव. भावजी दिग्दर्शक, ताई त्यांची बायको आणि नायिका, आणि दोघांच्या सिनेमाची फिल्म कापून-जोडून देणारी मी, धाकटी मेहुणी. घरचीच, त्यामुळे माझं नाव पडद्यावर द्यायची गरज कुणाला वाटली नाही. संकलक म्हणून भावजींचं नाव आहे, ठळक पांढऱ्या अक्षरांत. ती पाटीही मीच जोडली होती. सरळ जोडली, वाकडी जोडायची अक्कल तेव्हा नव्हती.

आता तो सिनेमा कॉम्प्युटरवर धुऊनपुसून नवा करतायत. भावजी गेले, कॅमेरामन गेला. चित्र बघून 'हे असंच होतं' म्हणू शकणारी मी एकटी उरले. मी हो म्हटल्याशिवाय सिनेमा बाहेर पडणार नाही.

ताई दुपारी माझ्याकडे पाठ करून जेवली. भात मात्र दोनदा वाढून घेतला.

५ जून

गेले. खोलीत थंडी, पडदे ओढलेले, दोन मोठे स्क्रीन. काम करते ती मुलगी तिशीची असेल. सगळं माऊसवर करते, म्हणून मी तिचं नाव मनात माऊसबाई ठेवलं. तिने सिनेमा आधी पाहिलेला नाही. मूळ फिल्म आता डब्यातच आंबून गेलीय, पण ती धडधाकट असताना तिचं स्कॅन झालं होतं, आता तेच खरं.

काम कसं होतं ते तिने समजावलं. यंत्र एकेक फ्रेम बघतं, मागची आणि पुढची फ्रेम ताडून पाहतं, आणि जे उगीच आलंय असं वाटेल — धूळ, डाग, ओरखडा — ते पुसून टाकतं. मग ती भरभर नजर टाकते. मग मी.

आमच्या खोलीची आठवण झाली. टेबल, त्यावर दोन चकत्या, मधे फिल्म बघायची तळहाताएवढी काच. मागे कापडी पिशवीत लोंबणाऱ्या फिल्मच्या पट्ट्या. हातात सुती मोजे, कानामागे पेन्सिल. एकदा कापलं की कापलं! चुकून एखादी फ्रेम खाली पडली तर मी जमिनीवर ओणवी होऊन शोधत असे आणि भावजी दारातून म्हणत, "कात्रीबाई नमाज पढतायत की झाडू मारतायत?" सगळे हसायचे. ताई सर्वांत जास्त.

माऊसबाई एक बटण दाबते, कापलेलं परत येतं. दुसरं दाबते, पुन्हा जातं. कापायची भीतीच उरली नाही. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

९ जून

आज मी यंत्राला पकडलं!

दवाखान्याचा प्रसंग. म्हातारा रुग्ण चमचा उचलतो, खिडकीच्या उजेडात चमचा लखकन चमकतो आणि त्यावरच पुढचा कट आहे. पाहते तर चमचा मेलेला. चमकच नाही! यंत्राला ती धूळ वाटली. मी थांबवलं, मागे घ्यायला लावलं. माऊसबाईने मूळ स्कॅन काढलं — चमक आहे. तिने जीभ चावली आणि ती परत बसवली.

साहेब नेमके तिथे होते. म्हणाले, या वयात काय नजर आहे! मी विनयाने मान खाली घातली. विनय कसला, अंगावर मूठभर मांस चढलं.

घरी येऊन सांगितलं. ताई म्हणाली, "चमचा? माझ्या सिनेमात लोकांना चमचा आठवतो होय?"

१२ जून

लिहायला बसले आणि हात थांबत नाही.

आज 'तो' शॉट आला. ताई परिचारिकेच्या वेशात — पांढरी टोपी, पांढरी कॉलर. पलंगावरचा मुलगा गेलाय. ती उठत नाही, रडत नाही, फक्त बघत राहते. कपाळावर खिडकीचा लख्ख उजेड, गाल अंधारात. आणि मग उजव्या गालावर आधी नुसती चमक, मग एक बारीक ओली रेघ. चेहऱ्यावर एक सुरकुती हलत नाही आणि पाणी वाहतं. सिनेमा चालला नाही, पण ज्या मोजक्या लोकांनी पाहिला ते या रेघेबद्दल बोलत राहिले. ताईच्या आयुष्यात दाखवण्यासारखं दुसरं आहेच काय! येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते — ग्लिसरीन नाही, कांदा नाही, आतून आलं होतं.

आणि माझ्याही आयुष्यात तेच. चित्रीकरणाला मी नव्हते, मी आमच्या खोलीत होते. पण तो शॉट लांब ठेवला मी. भावजी म्हणत होते, लवकर काप, रेघ दिसायच्या आत काप. मी हटून बसले. रेघ पुरती उजळेपर्यंत थांबले आणि मगच कात्री लावली. जन्मात एवढं एकदाच त्यांच्याशी भांडले आणि जिंकले.

आज तो शॉट स्क्रीनवर आला, गेला. गाल कोरडा. ठणठणीत कोरडा! यंत्राने चमच्याची चमक खाल्ली तसंच ताईचं पाणीही खाल्लं. त्याला तो ओरखडा वाटला. निर्बुद्ध डबडं!

सांगणारच होते. पण माऊसबाईची निघायची वेळ झाली होती, ती पिशवी आवरत होती. म्हटलं, पुढच्या खेपेला सांगू.

१३ जून

आज काम नव्हतं. घरी पत्रकार आला होता, सिनेमा पुन्हा येतोय म्हणून ताईची मुलाखत घ्यायला. सकाळी माझ्याकडून केस रंगवून घेतले, मानेवर रंग लागला म्हणून माझ्यावर खेकसली. मग नवी साडी, मग खुर्ची खिडकीपाशी. कपाळावर उजेड आला पाहिजे ना!

पाण्याची गोष्ट सांगितली. या वेळी तिला त्या क्षणी आपली आई आठवली होती. मागच्या खेपेला देव आठवला होता.

पत्रकार भला माणूस. माझ्याकडे वळून म्हणाला, तुम्ही पण या सिनेमात काम केलं होतं ना? मी तोंड उघडलं, तेवढ्यात ताई बोलली.

"ही? ही पट्ट्या चिकटवायची. आमच्या ह्यांनीच ठेवून घेतली, लग्न काही जमत नव्हतं, बसून काय करणार! चहा टाक गं कात्री, किती वेळ झाला त्यांना येऊन."

चहा टाकला. साखर घातली. ढवळला. नेऊन दिला.

१४ जून

सांगितलं नाही.

माऊसबाईने विचारलं, परवाच्या भागात काही राहिलंय का? मी म्हटलं, छान झालंय, पुढे चला.

एवढं सोपं असतं होय! इतकी वर्षं मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत आले, उत्तरं घडवत आले, आंघोळ करताना, भाजी निवडताना. आणि करायचं काय होतं, तर गप्प बसायचं.

१७ जून

ताईचे गुडघे दुखतात. तेल लावून चोळून दिले. डोळे मिटून पडली होती आणि कार्यक्रमाला कोण कोण येईल ते मोजत होती. मी चोळत होते आणि तिच्या गालाकडे बघत होते. कोरडा गाल. आता कायमचा.

मनात आलं, अजून वेळ आहे. मूळ स्कॅन त्यांच्याकडे आहे, एक बटण दाबलं की पाणी परत. मग ती म्हणाली, जरा जोर लाव, जेवत नाहीस का? आणि मन आपोआप स्वस्थ झालं.

२० जून

शेवटचा दिवस. सबंध सिनेमा सलग पाहिला. त्या शॉटला मी पापणी लवू दिली नाही. माझाच शॉट, माझाच सर्वांत चांगला कट, आणि आता त्यात थांबण्यासारखं काहीच नाही. बाई नुसती बघते, बघते, बघतच राहते. संकलक झोपला होता की काय, असं लोक म्हणतील. म्हणू देत! पाटीवर नाव भावजींचं आहे.

साहेबांनी विचारलं, आम्ही हे पक्कं समजू? मी हो म्हटलं. माऊसबाई माझ्या पाया पडायला वाकली, मी तिचे हात धरले. मला एकदम रडू आलं. ती समजली, म्हातारीला जुने दिवस आठवले.

२८ जून

काल कार्यक्रम झाला. नीट क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच विश्वास बसायचा नाही.

सभागृह भरलेलं. ताई पहिल्या रांगेत, मी तिच्या शेजारी — काठी धरायला. दिवे गेले. चित्र असं स्वच्छ की भिंतीवरचा पोपडा दिसत होता. चमचा चमकला. कुणाचं लक्ष गेलं नाही.

मग तो शॉट. मी पडद्याकडे पाहत नव्हते, ताईकडे पाहत होते. ती पुढे झुकली. मान किंचित वाकडी केली, चष्मा सारखा केला. बघत राहिली. शॉट संपला. तिने माझा हात धरला आणि इतका घट्ट दाबला की नखं रुतली. मी हात काढून घेतला नाही. खरं सांगते, त्या नखांचं मला सुख वाटलं.

पण नंतर काय झालं! दिवे लागले, लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. एक जुने समीक्षक — सिनेमा पहिल्यांदा आला तेव्हा पाहिलेले — मंचावर जाऊन म्हणाले, इतकी वर्षं मी समजत होतो की त्या प्रसंगात नायिकेच्या डोळ्यांतून पाणी येतं. माझ्या आठवणीने मला फसवलं. ती रडतच नाही! तो अश्रू माझा होता. एवढा संयम आजवर कुठल्या नटीने दाखवला?

पुन्हा टाळ्या! ताईला धरून मंचावर नेलं. तिने हात जोडले. मी तिचं पाणी काढून घेतलं आणि त्यांनी तिला देवी केली. मी खाली काठी धरून उभी. अंगाचा नुसता तिळपापड!

गाडीत ताई खिडकीबाहेर बघत होती. मी तिच्या रडण्याची वाट पाहत होते. घरी येऊन झोपली, आणि घोरली.

२९ जून

सकाळी तिने स्वतः चहा केला. गुडघे दुखत असताना! माझ्यापुढे कप ठेवला आणि समोर बसली. काय बोलली ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

"ती रेघ काढून टाकलीस, फार बरं केलंस. ते पाणी नव्हतंच गं. कॅमेऱ्यात खडा अडकून फिल्मला चरा पडला होता. मला त्या दिवशी रडूच येईना, हे ओरडून ओरडून थकले. आणि फिल्म धुऊन आली तर गालावर रेघ! वर पांढरी टोपी, खाली पांढरी कॉलर, मधे काळा गाल — चरा दिसतो तो तेवढाच. हे म्हणाले, देवाने दिलंय, गप्प राहा. लवकर कापायला सांगत होते ते उगीच नाही, तू तर लांबवत बसलीस. आम्हाला भीती फक्त तुझी. फिल्म तुझ्या हातात, नजर तुझी. मी रोज वाट बघायची, आज कात्री येऊन सांगणार. तू आलीस, आणि माझ्या गळ्यात पडून रडलीस."

आणि मग हसली. तोंडावर पदर घेऊन, मुलीसारखी. म्हणाली, आता मरेपर्यंत कुणाला भ्यायला नको.

खोटं बोलते. लोकांनी देवी केलं म्हणून आता पाणीही नकोसं झालं तिला. कालपर्यंत आई आठवली होती, आज खडा! माझा शॉट आहे तो. मी शेकडो वेळा काचेवर पाहिलाय.

१ जुलै

माऊसबाईकडे गेले. मूळ स्कॅन काढायला लावलं आणि तो चेहरा स्क्रीनभर मोठा करायला सांगितला. रेघ टोपीतून निघते, कपाळावरून, गालावरून, कॉलरवरून सरळ खाली फ्रेमच्या कडेपर्यंत जाते. डोळ्याला तर शिवतही नाही.

माऊसबाई म्हणाली, "यात काय बघायचंय आजी? ओरखडा आहे. हे तर कुणालाही दिसेल."