खिडकीजवळच्या मुलीचं बटण

ती. ताई,

तुझ्या पाया पडून लिहायला बसले आहे. माझा खोकला गेला, जेवणही वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

सातवीच्या मुलांनी कोडिंगच्या तासाला पहिलाच प्रोग्राम हजेरीचा केला. पडद्यावर प्रत्येकाच्या नावाचं बटण. सगळी दाबल्याशिवाय धडा उघडत नाही. कोणी आलं नसेल, तर त्याचं बटण शेजाऱ्याने दाबायचं, हा त्यांचाच नियम.

खिडकीजवळ बसणारी मुलगी गेल्या महिन्यात तापाने गेली. फोनवर तुला हे सांगवलं नाही.

तिचं नाव काढायला प्रोग्राममधली एकच ओळ पुसायची आहे, पण माझा हात होत नाही. तिची मैत्रीण रोज तिचं बटण दाबते. काल मैत्रीणच आली नव्हती, तरी धडा उघडला. मी विचारलं, "खिडकीजवळचं बटण कोणी दाबलं?"

"बाई, आम्हाला वाटलं तुम्ही."

मी दाबलं नव्हतं. नंतर कोड पुन्हा वाचला, चूक दिसली नाही. खरं सांगायचं तर नीट शोधलीही नाही. संगणक सांगितल्याशिवाय काही करत नाही, हे वाक्य मी वर्गात कितीदा म्हटलं असेल. आज ते तोंडातून निघेना.

मैत्रीण आज म्हणाली, "बाई, ती ओळ काढू नका. मग ती येईल कुठे?"

उद्या मी मुलांच्या आधी वर्गात जाऊन बसणार आहे. कोणीच दाबलं नाही, तर मी दाबीन.

आईला यातलं काही बोलू नकोस.

तुझीच,
धाकटी