अंगठ्याएवढा रेडिओ आणि लॅबमधला डबा

९ एप्रिल २०२५
दादाचा पाय गेला! गुडघ्याखाली काहीच नाही.
रवीदादा गावचा कोतवाल. तहसीलच्या पथकाला वाट दाखवायला उजनी धरणाच्या पाण्यात गेला होता. वाळूचोरांच्या बोटी धरायच्या, जिलेटिनच्या कांड्या लावून उडवायच्या — हे नेहमीचंच. पण आज ते आधीच तयार होते. तोंडं बांधून, हातात पहारी. बोट सरळ अंगावर घातली. दादा पाण्यात पडला आणि इंजिनाच्या पंख्यात —
बारामतीच्या दवाखान्यात आहे. अप्पा, आमचे वडील, बाहेर बाकड्यावर. विकी, आमचा धाकटा, भिंतीवर डोकं आपटत होता. मी रडले नाही. मला फक्त एक माणूस पाहिजे. त्यांना खबर देणारा.

११ एप्रिल
पथकातला शिपाई म्हणाला, "मोबाइल न्हाय वापरत ते, मॅडम. वॉकीटॉकी हाय. आमी निघालो की तितं कळतंय."
वॉकीटॉकी! मेल्यांनो, मग हे माझंच काम. कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये दुसरं काय करते मी? माझ्याकडं अंगठ्याएवढा एसडीआर आहे, लॅपटॉपला खुपसायचा रेडिओ. हवेतलं सगळं पकडतो, त्यातून आवाज काढायचं काम सॉफ्टवेअर करतं. स्वस्तातला आहे, तापतो, तापला की फ्रिक्वेन्सीचा आकडा सरकतो. असू दे. एवढ्याला पुरेल.

१४ एप्रिल
जयंती. वस्तीत निळे झेंडे, डीजे. आमच्याकडं बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, बस.
विकी दादाच्या जागी पथकाबरोबर जाणार म्हणतो. "एक तरी बोट माझ्या हातानं उडवणार!" अप्पा ताटावरून उठून गेले.

१७ एप्रिल
सापडलं! विकी पथकाच्या बोटीत, मी पळसदेवच्या काठावर, गाडीच्या सीटवर लॅपटॉप. आवाज आला — घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. "...निघा... तितनं..." बाकी सगळी खरखर. बोटी पळाल्या.
कोण आहेस रे भडव्या?

२० एप्रिल
पथक पुन्हा गेलं. मी अँटेना घेऊन गावभर फिरले. सिग्नलची पट्टी एकाच ठिकाणी गच्च भरली — बर्फाच्या दुकानापाशी, मोबाइल टॉवरखाली. मुजम्मिलचं दुकान! दादाचा शाळासोबती. अप्पांचे मासे तोच घेतो. दवाखान्यात डबा घेऊन आला होता, हरामखोर!
विकीला सांगितलं. "पक्कं?"
मी म्हणाले, "मशिन खोटं बोलत नाही."

२१ एप्रिल
विकी आणि त्याचे दोस्त. पहारीनं. दोन्ही गुडघे. मुजम्मिल ओरडत होता, "मी न्हाय रे विकी! रवीची शप्पत!" मी रस्त्यावर गाडी चालू ठेवून उभी होते. सगळं ऐकलं. बरं वाटलं. हो, बरं वाटलं! घरी येऊन पोटभर जेवले.

२४ एप्रिल
मुजम्मिलचे वडील, चाँदभाई, अंगणात आले. पोरानं पोलिसांना एकही नाव सांगितलं नाही म्हणे. "अप्पा, काय वंगाळ केलं वं माझ्या पोरानं?" अप्पा त्यांच्या पायाशीच बसले, उठेनात. आत विकी कोयत्याला धार लावत होता. मी म्हणाले, "दादाचा पाय कुठं गेला, ते विचारा त्याला!" म्हातारा निघून गेला.

२८ एप्रिल
पथक गेलं, बोटी पुन्हा गायब! मुजम्मिल तर दवाखान्यात पडून आहे. मग?
लॅबमधला महागडा एसडीआरचा डबा सरांना न विचारता बॅगेत घातला. आधी दुकानापाशी गेले. वॉकीटॉकीवर चिटपाखरू बोलत नव्हतं, तरी स्वस्तातल्याची पट्टी गच्च! टॉवरच्या दणक्यानं त्याचे कान बसतात, मग तो काहीही दाखवतो. महागड्यात गाळण्या, म्हणजे फिल्टर, असतात, टॉवर बाहेरच अडतो. तो लावला. पट्टी रिकामी.
पहिल्या वर्षाच्या पोरांना हे मीच शिकवते. मीच! काय केलं मी हे!
विकीला सांगितलं. त्यानं माझ्या कानफटात मारली. मीही मारली. दम लागल्यावर म्हणाला, "मग कोण? त्येवढं सांग. आता जित्ता सोडत न्हाय."

२ मे
विकी बोटीत. मी काठावर, महागडा डबा चालू. आवाज आला. स्वच्छ, शेजारी बसून बोलल्यासारखा.
"ऐका. रवीच्या टायमाला बी सांगितलं हुतं, तर पळायचं सोडून तुमी दबा धरून बसला. आता धाकटा हाय बोटीत. पाया पडतो तुमच्या, निघा तितनं. माझ्या पोराच्या अंगावर येऊ नका."
अप्पा.
माझा बाप! पोरगा पथकाबरोबर निघाला की हा वाळूवाल्यांना खबर देणार — गाठच पडू नये, मारामारीच होऊ नये म्हणून. आणि त्याच खबरीनं दादाचा पाय — आणि मी मुजम्मिलचे —
लॅपटॉप मिटला. घरी आले. अप्पा दारात जाळं शिवत बसलेले. म्हणाले, "दमलीस का गं?" मारावं वाटलं त्यांना. गळ्यात पडावंसंही वाटलं.
विकीला सांगायचं नाही. मेले तरी नाही.

५ मे
विकीनं जेवताना विचारलं, "सापडला का?" मी भाकरी मोडत राहिले. अप्पाच म्हणाले, "त्यो मी हाय." विकीनं कोयता उचलला. मी मध्ये गेले.
डाव्या हातानं लिहितेय.